चोवीस वल्ह्यांचं गलबत: वाचकांचे प्रश्न

खेळण्यातल्या विटांपासून वल्ही मारणारं मराठा आरमाराचं गलबत बांधता येतं, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. उत्तरांत सगळीकडे येणारी मापं एकदाच सांगून ठेवतो. विटेवरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात. दोन स्टडमधलं अंतर ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी आणि पातळ प्लेटची ३.२ मिमी. तीन प्लेट म्हणजे एक वीट. पाच प्लेटची उंची १६ मिमी, म्हणजे बरोबर दोन स्टड. आडव्या विटांना उभ्या विटा जोडताना हेच गणित उपयोगी पडतं.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त आरमाराचं प्रदर्शन मांडायचं आहे. मुलांकडच्या विटा गोळा केल्या तर दोन-अडीच किलो भरतील. गुराब करावी की गलबत? माल किती लागेल?
*— एक शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ*

गलबत करा. गुराब दिसायला भारदस्त असते, पण ती शिडावर चालणारी. तिच्यात हलवून दाखवण्यासारखं फारसं काही नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनात दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची आणि तीन डोलकाठ्यांची ३०० टनांची सांगितली आहे. लांबीच्या मानाने ती रुंद असे आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब बाहेर आलेलं असे. त्याच घडणीचं पण लहान जहाज म्हणजे गलबत. मोठ्यात मोठं ७० टनांच्या आसपास. डोलकाठ्या दोन, त्यांतली मागची अगदी किरकोळ. पुढच्या डोलकाठीवर एकच मोठं तिकोनी शीड, आणि मोठ्या गलबतांना ४० ते ५० वल्ही. वारा पडला की हीच गलबतं वल्ही मारत गुराबा ओढून नेत. मुलांना दाखवायला याहून चांगलं काय? हातदांडा फिरवला की दोन्ही बगलांची वल्ही एका तालात चालतात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर उभं राहिलेलं आरमार वाऱ्यावाचून कसं हलत असेल, ते पोरांना डोळ्यांनी दिसतं.

प्रमाण १:४० धरा. विटांच्या संचातली माणसं साधारण ४० मिमी उंच असतात, म्हणजे खऱ्या मापात १.६ मीटर, त्यामुळे ती गलबतावर शोभतात. लांबी ५६ स्टड (४४८ मिमी), रुंदी १८ स्टड (१४४ मिमी). मधले ३६ स्टड पूर्ण रुंदीचे ठेवा, पुढचे १२ निमुळते होत नाळेला मिळू द्या आणि मागचे ८ थोडे आत घ्या.

कण्यासाठी भोकांच्या १×१६ (एक स्टड रुंद, सोळा स्टड लांब) विटा १२, भोकांच्या १×८ विटा ४, ४×६ प्लेट २७ आणि २×६ प्लेट २ लागतील. भिंतींना २×४ च्या साधारण १६० विटा, नाळेच्या उतारासाठी उतरत्या विटा ४० च्या आसपास. यंत्रणेला अर्ध्या जाडीचे बीम (भोकांच्या पट्ट्या) ३६, दोन भोकांचे क्रँक (आसावर बसून फिरणारे छोटे हात) ४, १२ दातांचे तिरपे गिअर ४, शिवाय आस आणि पिना. भिंतींच्या विटा मुलांकडून जमतील. यंत्रणेचे भाग मात्र एकाच बनावटीचे विकत घ्या आणि ते जानेवारीच्या सुरुवातीलाच मागवा.

वेगवेगळ्या बनावटीच्या विटा एकत्र करण्याआधी एक परीक्षा घ्या. एका बनावटीच्या दहा विटांचा मनोरा आणि दुसरीच्या दहांचा मनोरा शेजारी उभा करा. दोन्ही ९६ मिमीला जुळले पाहिजेत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर त्या दोन बनावटी एकाच थरात वापरू नका. तिसऱ्या-चौथ्या थरावर प्लेट बसेनाशी होते आणि भिंत बाहेर फुगते.

वल्ह्यांची यंत्रणा बसवली, पण हातदांडा अर्धा फेरा फिरून अडकतो. जोर लावला तर पुढचा क्रँक सरळ फिरतो आणि मागचा उलटा. दोनदा सगळं सोडून पुन्हा जोडलं, तरी तेच.
*— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चिखली, जि. बुलढाणा*

तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत. आधी यंत्रणा कशी चालते ते पाहू, मग दोष कुठे आहे ते दिसेल.

दोन्ही बगलांना आतून एकेक लांब दांडा असतो. त्याची दोन टोकं दोन सारख्या क्रँकवर बसतात, रेल्वेच्या कोळशाच्या इंजिनाची चाकं जशी एका दांड्याने जोडलेली असत तशी. क्रँकचं भोक आसापासून ८ मिमीवर असतं, म्हणून दांडा आडवाच राहून १६ मिमी व्यासाच्या वर्तुळात फिरतो. बाराही वल्ह्यांची आतली टोकं त्या दांड्यात अडकवलेली. वल्हं बगलेच्या भोकात टेकतं, त्यामुळे आतलं टोक वर गेलं की पातं खाली जातं. आतली लांबी २४ मिमी आणि बाहेरची ७२ मिमी ठेवली तर पातं साधारण २२ मिमी वर आणि तेवढंच खाली जातं.

आता पहिला दोष. दांडा आणि दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत येतात, त्या क्षणी मागच्या क्रँकला कुठे वळायचं ते दांडा सांगू शकत नाही. तो सरळही फिरेल, उलटाही. प्रत्येक फेऱ्यात असे दोन क्षण येतात. म्हणून दोन्ही क्रँकचे आडवे आस फक्त दांड्याने जोडून चालत नाही. मधून गलबताच्या लांबीच्या दिशेने एक लांब आस टाका आणि त्याच्या दोन्ही टोकांना १२ दातांच्या तिरप्या गिअरने दोन्ही आडव्या आसांना फिरवा. इथे बहुतेक जण चुकतात. लांब आस दोन आडव्या आसांच्या *मध्ये* असेल, तर पुढच्या आडव्या आसावरचा गिअर डाव्या अंगाला आणि मागच्यावरचा उजव्या अंगाला हवा. दोन्ही एकाच अंगाला बसवले तर आस एकमेकांच्या उलट फिरतात. तुम्ही दोनदा सोडून पुन्हा जोडलंत, पण दोन्ही वेळा गिअर एकाच अंगाला आले असणार. दांडा न लावता नुसते क्रँक फिरवून पाहा, म्हणजे लगेच कळेल.

दुसरा दोष, अर्ध्या फेऱ्यात अडकण्याचा, बगलेच्या भोकात आहे. ही बारकाई महत्त्वाची. भोक ४.८ मिमीचं आणि वल्ह्याची काडी ३.२ मिमीची. ऐसपैस वाटतं, पण वल्हं साधारण १८ अंशांपर्यंत कलतं. नेहमीच्या भोकाच्या विटेची जाडी ८ मिमी. एवढ्या लांब भोकात काडी तेवढी कलू शकत नाही, दोन कडांना टेकून आवळते. अर्ध्या जाडीच्या, म्हणजे ४ मिमीच्या बीममध्ये तीच काडी १८ अंश कलून वर थोडी जागा उरते. म्हणून बगलेची बाराही भोकं अर्ध्या जाडीच्या बीमची ठेवा आणि आतला दांडाही त्याच बीमचा करा. दांडा लांब असल्याने बीम एकावर एक चढवून जोडावे लागतात. जोड आला तिथे जाडी पुन्हा ८ मिमी होते. वल्ही दर तिसऱ्या भोकात येतात, तेव्हा जोड मधल्या दोन भोकांतच घ्या. काही पातळ बीमच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखं भोक असतं. ते आसासाठी असतं, वल्ह्याला वापरू नका.

काडीसाठी ९६ मिमीची कडक नळी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर बांबूची कामटी घासून गोल करा. गावात बुरडकाम करणारं कुणी असेल तर तासाभरात चोवीस काड्या करून देईल. जाडी तपासायला वेगळं साधन नको: पोकळ स्टड असलेल्या विटेत काडी अलगद उतरली, पण डुगडुगली नाही, की ती ३.२ मिमीची झाली. काडी बाहेर सरकू नये म्हणून बगलेच्या भोकाच्या आतबाहेर सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा ३ मिमीचा तुकडा चढवा. भोकाला अगदी चिकटवू नका, दोन्हीकडे एकेक मिलिमीटर मोकळं सोडा.

शेवटी दिशा. पातं पाण्यात असताना मागे गेलं पाहिजे, नाहीतर गलबत उलटं वल्हवल्यासारखं दिसतं. बैलगाडी नाळेच्या दिशेने निघाली तर तिचं चाक जसं फिरेल, तसे क्रँक फिरले पाहिजेत. आणि आसाला चार कडा असल्याने क्रँक चार दिशांनी बसतो. डावा आणि उजवा क्रँक एकाच दिशेला आहेत ना ते पाहा. विरुद्ध बसले तर एका बगलेची वल्ही पाण्यात आणि दुसरीची हवेत असतात.

तुम्हीच लिहिता की गलबताला ४० ते ५० वल्ही असत. मग चोवीसच का?
*— एक निवृत्त मुख्याध्यापक, मेहकर, जि. बुलढाणा*

प्रश्न रास्त आहे. वल्हं मारणाऱ्याला पुढे-मागे झुकायला साधारण एक मीटर जागा लागते. १:४० मध्ये तीन स्टड म्हणजे ९६ सेंमी, म्हणून आम्ही तीन स्टडांवर एक वल्हं धरलं. एका बगलेला वीस वल्ही हवी असतील तर नुसत्या वल्ह्यांना ६० स्टड लागतात, नाळ आणि पिछाडी धरून ८४. म्हणजे ६७२ मिमी लांब गलबत. बांधता येतं, पण एवढा लांब दांडा दोन क्रँकवर मध्ये झोल खातो. तिथे मध्यभागी तिसरा क्रँक आणि तिसरा आडवा आस द्यावा लागतो. दोन स्टडांवर वल्ही बसवून चाळीस कोंबण्यापेक्षा बारा-बारा ठेवावीत आणि पाटीवर तसं लिहावं, हे आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतं.

बांधलेलं गलबत दोन्ही टोकांना धरून उचललं की मध्ये वाकतं आणि तळाच्या प्लेट सुटतात. वरून टिनाच्या खोलीत ठेवलं आहे. उन्हाळ्यात आणखी बिघडेल का?
*— एक वाचक, वरुड, जि. अमरावती*

प्लेटवर प्लेट रचून केलेला तळ कितीही जाड केला तरी लांबीत वाकतोच, कारण स्टडची पकड ओढ सहन करत नाही. कण्याला भोकांच्या विटा आणि पिनाच हव्यात.

चार स्टड अंतर सोडून भोकांच्या विटांच्या दोन रांगा मांडा. खालच्या थरात १६, १६, १६, ८ असा क्रम ठेवा. त्यावर ४×६ प्लेटचे दोन थर द्या, पहिला थर चौदा प्लेटचा. दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना २×६ आणि मध्ये तेरा ४×६, म्हणजे सांधे एकमेकांवर येत नाहीत. वर पुन्हा भोकांच्या विटा, पण उलट क्रमाने: ८, १६, १६, १६. दोन विटांमध्ये दोन प्लेट आल्या की वरच्या-खालच्या भोकांतलं अंतर ९.६ अधिक ६.४, म्हणजे नेमकं १६ मिमी होतं. त्यात तीन भोकांचा बीम उभा बसतो. दर आठ स्टडांवर बाहेरून असा अर्ध्या जाडीचा बीम पिनांनी ठोका. आता कणा उचलला तर स्टड सुटू पाहतील, पण पिना सुटू देणार नाहीत. आणि गलबत टोकांना धरून कधीच उचलू नका. तळाखाली दोन्ही हात घालून उचला.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. त्याने वीट वितळत नाही. पण ताणात असलेली प्लेट किंवा डोलकाठी दोन-तीन आठवडे त्या उष्णतेत राहिली तर तशीच वाकलेली राहते. उन्हाळ्यात शिडाचे दोर सैल करा, गलबत कण्याखाली तीन ठिकाणी टेकू देऊन ठेवा आणि थेट ऊन लागू देऊ नका. उन्हाने पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात आणि भगव्या-लाल फिक्या होतात. धुताना पाणी ४० अंशांहून गरम नको. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याहून तापलेलं असू शकतं, तेव्हा माठातलं किंवा सकाळचं पाणी घ्या.

जिनिंगजवळ घर आहे. दोन महिन्यांत गिअर जड झाले. तेल घालू का?
*— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा*

तेल नको. रुईचे तंतू आसाभोवती गुंडाळले जाऊन गिअर आणि विटेच्या मध्ये बसले आहेत, तेलाने ते आणखी चिकटतील. आस बाहेर ओढा, चिमट्याने तंतू काढा, जुन्या दात घासायच्या ब्रशने गिअर साफ करा. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही वापरू नका, प्लास्टिक खराब होतं. पुन्हा जोडताना आसावरची टोपी विटेला दाबून बसवू नका, पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवा. तूर-सोयाबीन काढणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत गलबतावर धुतलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाका. मऊ सुती कापडाला धूळ धरते, आत जात नाही.

नववीत आहे. शीड कागदाचं केलं तर फाटतं, कापडाचं केलं तर लोंबतं. काय करू?
*— एक विद्यार्थिनी, अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती*

मांजरपाट घे, पण कापण्याआधी धुऊन वाळव. कोरं मांजरपाट पहिल्याच धुण्यात आटतं, आणि नंतर आटलं तर तिरपी काठी ओढून वाकवतं. ही तिरपी काठी म्हणजे परबाण. गलबताचं शीड तिकोनी असतं, त्याची लांब बाजू परबाणाला बांधलेली असते आणि त्याचं वरचं टोक डोलकाठीच्याही वर जातं.

कापताना कापडाचा विणलेला काठ शिडाच्या मोकळ्या, मागच्या बाजूला येऊ दे. मग तिरपा कापलेला भाग परबाणावर येतो. तिरपं कापड ताणलं जातं, पण परबाण त्याला धरून ठेवतो. उलट केलंस तर मोकळी बाजू झोळीसारखी लोंबते, तुझं बहुधा हेच झालं आहे. तांदळाच्या पातळ पेजेची खळ देऊन सावलीत सपाट वाळव. परबाणाला दर दोन सेंमीवर शिवणीच्या दुहेरी दोऱ्याने बांध. डोलकाठी एकाच आसाची न करता २×२ च्या गोल विटा आसावर ओवून कर, म्हणजे दोराच्या ओढीने ती वाकणार नाही. आणि तक्तपोशी, म्हणजे वरची उभं राहायची जमीन, प्लेटची करू नकोस. बहुतेक खऱ्या गलबतांवर वजन कमी राहावं म्हणून फोडलेल्या बांबूचीच तक्तपोशी असे. बारीक कामट्या दोऱ्याने विणून ती तशीच कर. मोठ्या गलबतांवर पक्की तक्तपोशी आणि सहा-आठ छोट्या तोफा असत. तुझ्या गलबतावर फिरत्या खुंटीवरच्या लहान तोफा शोभतील.

हाताऐवजी मोटर लावायची आहे. गती किती ठेवावी? आमच्याकडे वीज केव्हाही जाते.
*— एक वाचक, उमरखेड, जि. यवतमाळ*

मिनिटाला वीस ते पंचवीस वेळा मारलेली वल्ही बरी दिसतात. विटांच्या संचातली ९ व्होल्टची मध्यम मोटर मोकळी असताना मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. ८ दातांवरून २४, मग पुन्हा ८ वरून ४० अशी जोडी लावली की गती पंधरापट कमी होते, म्हणजे २६ च्या आसपास, आणि वल्ह्यांच्या भाराने ती आणखी उतरते. सहा साध्या सेलऐवजी चार्जिंगचे सेल घातले तर ९ च्या जागी ७.२ व्होल्ट मिळतात आणि गती साधारण वीसवर येते. तेही चांगलंच. २४ दातांचा गिअर घसरता घ्या, त्यावर २.५·५ अशी खूण असते. एखादं वल्हं अडकलं तर तो जागच्या जागी घसरतो, दात मोडत नाहीत. वर्म गिअर लावू नका. त्याने गती सहज उतरते, पण अडकल्यावर तो मागे फिरत नाही आणि क्रँक मोडतो. सेलवर चालवा म्हणजे विजेची काळजी नको, आणि शेजारी हातदांडाही ठेवा.

आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात हे गलबत सोडता येईल का? लेकरं मागे लागली आहेत.
*— एक पालक, साकोली तालुका, जि. भंडारा*

हे गलबत नाही. तळाचं क्षेत्र आणि निमुळता आकार धरून हे गलबत दर सेंटिमीटर बुडताना साधारण साडेपाचशे ग्रॅम पाणी बाजूला सारतं. सगळं धरून वजन दोन किलो भरतं, तेव्हा तरंगायला ते साधारण साडेतीन सेंमी बुडावं लागेल. वल्ह्यांची भोकं तळापासून सव्वादोन सेंमीवरच आहेत. तरंगण्याआधीच पाणी आत येईल. विटांचं प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने बुडालं की वर येणार नाही, तलावाच्या चिखलात जाईल.

लेकरांसाठी दुसरं करा. यंत्रणा, वल्ही आणि त्यांची भोकं काहीच नको. त्याच लांबी-रुंदीचं, पण भिंती पाच विटा उंच आणि तळ एकाच प्लेटचा. आत जाड प्लास्टिकचा कागद काठापर्यंत अंथरा, कारण विटांच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. त्यावर कण्याच्या रेषेत दीडशे-दोनशे ग्रॅम लोखंडी वॉशर टेपने चिकटवा आणि शीड अर्ध्या उंचीचं ठेवा, नाहीतर वाऱ्याने कलंडेल. वॉशरसकट वजन सातशे ग्रॅमच्या आत ठेवलं तर ते दोन सेंमीहून कमी बुडेल. आधी घरच्या टाक्यात अर्धा तास तरंगवून पाहा. तलावात सोडताना पिछाडीला वीस हात सुतळी बांधा आणि सुतळीचं टोक मोठ्या माणसाने काठावर उभं राहून धरावं, म्हणजे गलबत ओढायला लेकरू पाण्यात उतरणार नाही.